बचत-बक्षीस आणि परतफेड-प्रोत्साहन

बचत करणाऱ्याला किंवा कर्ज वेळेवर फेडणाऱ्याला नेहमीच्या व्यवहारापेक्षा अधिक मिळणारा लाभ. तो सोडतीतून मिळतो, म्हणजे नशिबाचा असतो. किंवा अट पाळल्यावर मिळतो, म्हणजे हक्काचा असतो. उदाहरण सांगली जिल्ह्यातील विट्याचे; हे खानापूर तालुक्याचे ठिकाण. या अवर्षणप्रवण भागात शेतीचे कर्ज घरोघरी असल्याने दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा ठरतो.

नशिबाच्या प्रकाराचा जुना नमुना ब्रिटनमधील प्रीमियम बाँड. त्याची घोषणा १९५६ मध्ये झाली व पहिली सोडत १९५७ मध्ये निघाली. मुद्दल सुरक्षित राहते, व्याजाऐवजी बक्षिसे वाटली जातात. भारतात मात्र बक्षीस चिठ्ठ्या व पैसा फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आली. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांनुसार ठेवी मिळवण्यासाठी बँकांना सोडत, लॉटरी वा मोफत सहल देता येत नाही. फार तर २५० रुपयांपर्यंतची भेटवस्तू चालते. अशा योजनांत ठेवीदारांचे पूर्वी झालेले हाल पाहता ही बंधने योग्यच आहेत. भिशीत चिठ्ठी निघते, पण ते बक्षीस नव्हे: आपलेच पैसे आधी मिळणार की नंतर, एवढेच ती ठरवते. लिलाव भिशीत नड असलेला सभासद कमी रक्कम घेऊन भिशी उचलतो आणि त्याने सोडलेला पैसा इतरांत वाटला जातो; म्हणजे थांबू शकणाऱ्याचा फायदा होतो.

हक्काच्या लाभाचे ठळक उदाहरण पीककर्जाचे. गावची विकास सोसायटी जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून पैसे घेऊन सभासदांना कर्ज देते. मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची ३ टक्के व्याजसवलत मिळते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची त्यात भर पडते. २०२१-२२ पासून ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडल्यास शेतकऱ्याला शून्य टक्के दराने पडते. एक दिवस उशीर झाला तरी ही सवलत हातची जाते.

त्यामुळे मार्चअखेर ‘नवं-जुनं’ करण्याची धावपळ उडते. शेतकरी पाहुण्यांकडून किंवा सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे उचलतो, जुने कर्ज भरतो, नवे मंजूर झाले की हातउसने परत करतो. कागदोपत्री परतफेड होते, अंगावरचे ओझे तेवढेच राहते. सावकाराचे व्याज वर चढते ते वेगळेच. ठरलेल्या तारखेला हातात रोकड असणे, ही या सवलतीची खरी अट आहे. पाऊस हुकला पण दुष्काळ जाहीर झाला नाही, अशा वर्षी प्रामाणिक कर्जदारही तिला मुकतो आणि त्याच वर्षी त्याला तिची सर्वाधिक गरज असते. विट्याच्या परिसरात टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी पोहोचलेल्या रानात ऊस उभा राहतो व कारखान्याच्या बिलातून सोसायटीची वसुली होते. कोरडवाहू शेतकऱ्याला असा आधार नाही.

कर्जमाफीनंतर नियमित फेडणाऱ्यांची ‘आम्ही भरले म्हणून आमचे चुकले का?’ ही तक्रार दर वेळी उठते आणि ती रास्त आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंत माफी होती, तर नियमित कर्जदारांना फेडलेल्या रकमेच्या २५ टक्के, कमाल २५ हजार रुपये देण्याचे ठरले. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत थकबाकीदारांचे दोन लाखांपर्यंतचे कर्ज माफ झाले. नियमित फेडणाऱ्यांसाठी ५० हजारांपर्यंतच्या प्रोत्साहनाचा निर्णय मात्र २०२२ मध्ये निघाला. २०१७-१८ ते २०१९-२० या तीनपैकी कोणत्याही दोन वर्षांत वेळेत परतफेड ही त्याची अट. वर्षे उलटून गेल्यावर आलेली अशी रक्कम आनंद देते, पण भरण्याची सवय लावू शकत नाही. त्यासाठी लाभ आधी माहीत असावा लागतो.

शहरी फेरीवाल्यांसाठी २०२० मध्ये आलेल्या पीएम स्वनिधी योजनेत ही उणीव नाही. सुरुवातीच्या नियमांनुसार पहिले १० हजारांचे कर्ज नियमित फेडल्यास ७ टक्के व्याज अनुदान खात्यावर जमा होत असे आणि २० हजारांच्या, पुढे ५० हजारांच्या कर्जाची वाट मोकळी होत असे. हातगाडीवाल्याला वाढीव भांडवल हेच सर्वांत उपयोगी बक्षीस.