गळ्यातली सुरी

मराठीत गळा आणि सुरी एका वाक्यात आले की काहीतरी वाईटच असतं. गळ्यावर सुरी फिरली, मानेवर सुरी ठेवली, सोन्याची झाली म्हणून सुरी उरात मारून घेऊ नये. आपल्या गळ्यात शोभतं ते मंगळसूत्र, नाही तर मोहनमाळ. पण इंदुरातच, राजवाड्याजवळच्या इमली साहिब गुरुद्वाऱ्यात कधी गेलात तर लंगरात पोळ्या लाटणाऱ्या बायकांकडे नीट पाहा. कुणाच्या खांद्यावरून आडवा काळा पट्टा गेलेला असतो, कुणाच्या गळ्यात नुसता दोरा असतो, आणि त्याला म्यानासकट छोटी कृपाण. ती घालून त्या वाकतात, परात उचलतात, मुलाला कडेवर घेतात. कृपाण त्यांना कुठेही आडवी येत नाही.

चिलटसुद्धा मरू नये म्हणून दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या घरातली मी. गळ्यात शस्त्र घालणं हा धर्म कसा, हा प्रश्न मला पडणारच. म्हणून त्याचा इतिहास जमेल तसा वाचून काढला.

दिल्लीच्या यात्रेला आपली माणसं लाल मंदिरात जातातच. चांदणी चौकाच्या तोंडाशी ते देऊळ आणि त्याच्या आवारात पक्ष्यांचा दवाखाना. त्याच रस्त्यानं थोडं पुढे गेलं की सीसगंज गुरुद्वारा लागतो. १६७५ साली औरंगजेबाच्या हुकुमानं शिखांचे नववे गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला, ती ही जागा. शीख परंपरा सांगते की ते काश्मिरी पंडितांच्या धर्मासाठी, म्हणजे दुसऱ्यांच्या धर्मासाठी मरणाला सामोरे गेले. एकीकडे जखमी कबुतराच्या पंखाला औषध लावणारे हात आणि चार पावलांवर ही आठवण. दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

त्यांचे पुत्र गुरू गोविंदसिंग यांनी १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला खालसा पंथ उभा केला. केस, कंगवा, कडं, कछेरा आणि कृपाण ही पाच ककारांची खूण तेव्हापासूनची मानतात. अमृत घेतलेल्या बाईलाही हे पाचही ककार आहेत. पुरुषानं शस्त्र धरावं आणि बाईनं त्याच्या मागे उभं राहावं, अशी वाटणी त्यात नाही. मला हे विशेष वाटतं. आपल्याकडे लग्नात नवरदेवाच्या हाती कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचतात, आणि नवरीच्या हाती काय? हार!

गुरू गोविंदसिंगांचा शेवट आपल्या महाराष्ट्रातला. नांदेडला गोदावरीकाठी त्यांच्यावर शस्त्राचा वार झाला आणि १७०८ साली त्यांनी देह ठेवला. ज्यांनी सगळ्यांना कृपाण दिली, ते स्वतः घातकी वारानंच गेले. पण जाताना पुढचं गुरुपद त्यांनी कुठल्या शस्त्राकडे दिलं नाही, ग्रंथाकडे दिलं. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. हजूर साहिबला जाणाऱ्या मराठी माणसाला हे ठाऊक असावं.

आता कृपाण इतकी लहान कशी झाली? मुळात ती तलवारच. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरला. शिखांनी कृपाणीसाठी सवलत मागितली, ती मिळाली, तरी १९२०–२२ च्या आंदोलनांत कृपाण बाळगली म्हणून कित्येक जण तुरुंगात गेले. शीख रहित मर्यादेत लांबीची अट नाही. त्यामुळे काळ बदलला तशी कुणी हातभर कृपाण ठेवली, कुणी वीतभर, कुणी बोटभर. पट्ट्याला गात्रा म्हणतात. तो उजव्या खांद्यावरून आडवा घेतात आणि कृपाण डाव्या बाजूला, कपड्याच्या आत किंवा वर राहते. ओझं खांद्यावर पडतं, मानेला काच बसत नाही, हालचाल मोकळी राहते. गळ्यात नुसत्या दोऱ्याला लटकवलेली असते ती बहुधा अगदी चिमुकली, खुणेपुरती. मोठी वस्तू गळ्यात धोक्याचीच, कारण कुणी दोरा ओढला तर फास बसायचा.

स्वतंत्र भारताच्या घटनेनं हा प्रश्न कलम २५ मध्ये मिटवला. त्या कलमाच्या पहिल्या स्पष्टीकरणात म्हटलंय की कृपाण धारण करणं हे शीख धर्माच्या आचरणातच मोडतं. आणि त्याच्याच खाली, दुसऱ्या स्पष्टीकरणात, त्या कलमातल्या एका पोटकलमापुरता हिंदू या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध यांचाही समावेश होतो असं लिहिलंय. म्हणजे घटनेच्या एकाच कलमात कृपाणवाले आणि आपण पिंछीवाले शेजारी शेजारी बसलो आहोत. विमानातही देशांतर्गत प्रवासात शीख प्रवाशाला कृपाण नेता येते. पातं ६ इंचांपेक्षा मोठं नको आणि मुठीसकट लांबी ९ इंचांपेक्षा जास्त नको, एवढीच मर्यादा. आपला अडकित्ता मात्र हातातल्या पिशवीत सापडला की काढून ठेवतात.

परदेशात हाच वाद शाळेपर्यंत गेला. कॅनडात माँट्रियलच्या एका शीख मुलाची कृपाण २००१ साली शाळेच्या आवारात खाली पडली आणि तिच्यावर बंदी आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००६ साली निकाल लागला की सरसकट बंदी घालता येणार नाही, पण कृपाण म्यानात, कापडात शिवून, कपड्यांच्या आत राहिली पाहिजे. म्हणजे शाळेत न्यायची, पण सहज उपसता येऊ नये अशी. धर्मही राहिला आणि वर्गातल्या पोरांची काळजीही राहिली.

मग रोजच्या आयुष्यात कृपाणीचा उपयोग काय? गुरुद्वाऱ्यात कडा प्रसाद होतो, म्हणजे आपला कणकेचा शिराच, कणीक, तूप, साखर सारख्या मापानं. अरदास झाली की वाटण्याआधी त्या शिऱ्यातून कृपाण फिरवतात. बहुतेक कृपाणी जन्मभर दुसरं काही कापतच नाहीत. ‘कृपा’ आणि ‘आन’ म्हणजे दया आणि मान, असा शब्दाचा अर्थ शीख लोक लावतात. दुबळ्याच्या रक्षणासाठी, सगळे उपाय थकल्यावरच ती उपसायची, असं शिकवतात. शस्त्र एक आणि त्याला बांधलेली व्रतं अनेक.

आपल्याकडे हे अगदीच परकं नाही. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतला प्राचीन शिलालेख आहे म्हणून आपण अभिमान मिरवतो. पण ती मूर्ती करवणारा चामुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता, तलवार चालवणारा श्रावक. म्हणून तर शास्त्रात हिंसेचे चार प्रकार केले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाला संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य. चूल पेटवताना, धंदा करताना, आणि अन्यायाला अडवताना घडते तिचा विचार वेगळा. पण त्याच शास्त्रात अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत ‘हिंसादान’ही आहे. विनाकारण दुसऱ्याच्या हाती शस्त्र देणं, हाही दोषच.

हे सगळं आज का लिहितेय? डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या घटनेनंतर जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेनं बायकांना चाकू वाटले होते. आता आपल्या समाजातल्या आयाही पुण्या-बेंगळुरूला नोकरीला निघालेल्या मुलीच्या पर्समध्ये छोटी सुरी टाकतात, गळ्यात घालायच्या सुऱ्यांची चौकशी करतात. त्यांची भीती खरी आहे. रात्री साडेदहाला फोन उचलला नाही की काय होतं ते आई झालेल्या बाईलाच कळतं. अहिंसा म्हणजे भिऊन गप्प बसणं नव्हे, हेही मुलींना सांगायलाच हवं.

पण सुरी गळ्यात आली की रक्षण झालं, असं होत नाही. सरावाशिवायची सुरी समोरचा हिसकावतो आणि आपल्यावरच उगारतो. १९८४ च्या नोव्हेंबरात इंदुरातही शिखांवर हल्ले झाले. जमावापुढे वीतभर कृपाण काय पुरणार? अशा वेळी दार उघडून आत घेणारा शेजारी लागतो.

शिखांकडे सुरीबरोबर पहाटेचा पाठ आहे, सेवा आहे, संगत आहे आणि ती केव्हा उपसायची नाही याची शिकवण आहे. आपण मुलीला सुरी देतो तेव्हा बरोबर काय देतो? नुसती भीतीच ना! मग मैत्रिणींनो, सुरीच्या आधी दुसऱ्या दोन गोष्टी द्या. एक, वर्षभर कुठल्याही आखाड्यात किंवा कराटेच्या वर्गात घाम गाळायची मोकळीक. तिथं पोर आधी ओरडायला आणि पळायला शिकते. आणि दुसरी, काहीही झालं तरी “तू तिथं गेलीसच कशाला” हे घरी कुणी विचारणार नाही, असा शब्द. एवढं दिल्यावरही तिला सुरी हवीशी वाटली तर तिनं ती स्वतः विचार करून घ्यावी. चामुंडराय श्रावकच होता.