बुसैतीनचे डब्लिन
परदेशी शिक्षणाच्या व्यवस्थेचा थोडा इतिहास

बारावीचा निकाल लागला की हल्ली आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. मुलाला किंवा मुलीला बाहेर शिकायला पाठवायचे का, आणि पाठवायचे तर कोणाच्या भरवशावर? आखातात नोकरीनिमित्त राहणाऱ्या कुटुंबांना तर या प्रश्नाचे एक उत्तर दाराशीच आहे. बहरैनच्या मुहर्रक बेटावर, वायव्य भागात, बुसैतीन नावाची वस्ती आहे. तेथे समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर एक आयरिश वैद्यकीय विद्यापीठ उभे आहे. आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची स्थापना डब्लिन शहरी १७८४ साली झाली. त्याच संस्थेने २००४ मध्ये बहरैनमध्ये वैद्यकाचे वर्ग सुरू केले, २००६ मध्ये परिचारिकांचे शिक्षण सुरू केले आणि पुढे बुसैतीनला स्वतःची वास्तू बांधली. शेजारीच किंग हमद विद्यापीठ रुग्णालय आहे. विद्यार्थी परदेशी जाण्याऐवजी परदेशच विद्यार्थ्याकडे आला, असा हा प्रकार आहे. तो येथवर कसा आला, हे वाचकांपुढे ठेवावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

बहरैन आणि मुंबई यांचा संबंध जुना आहे. मुहर्रकच्या पाणबुड्यांनी काढलेली मोत्ये विक्रीला मुंबईच्या बाजारात येत, आणि मोत्यांच्या मागोमाग तेथील व्यापाऱ्यांची बिऱ्हाडेही येत. बहरैनचे नामवंत कवी इब्राहिम अल अरय्यद यांचा जन्म १९०८ साली मुंबईतच झाला. शाळांची नवी पद्धत मुहर्रकमध्ये १९१९ साली आली. नऊ वर्षांनी, १९२८ साली, बहरैनने आपली पहिली विद्यार्थी तुकडी बैरूटच्या अमेरिकन विद्यापीठात धाडली. मूठभर मुले होती. परंतु त्यांना निवडून, खर्चाची तरतूद करून पाठविले गेले, ही गोष्ट महत्त्वाची.

कारण त्याआधी आपल्याकडे जे कोणी परदेशी शिकायला गेले, ते बहुतेक एकेकटे गेले. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या. त्यांच्या यजमानांचे एक पत्र एका मिशनरी मासिकात छापून आले होते. ते न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले आणि त्यांनी आपले घर देऊ केले. सगळी व्यवस्था एवढीच! फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजाने त्यांना आपुलकीने वागविले. तथापि थंडी, आहार आणि प्रकृती यांची जबाबदारी घेईल अशी कोणतीही कचेरी त्या काळी नव्हती. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास क्षयाने वारल्या.

पैशाची बाजू आधी सावरली गेली, माणसाची नंतर. १८९२ साली जमशेटजी टाटांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी उभारला. ही देणगी नव्हती, कर्ज होते. घेणाऱ्याने कमावते झाल्यावर फेडावे आणि ते पैसे पुढच्याच्या उपयोगी पडावेत, असा व्यापारी हिशेब त्यात होता. तो आम्हाला अजूनही सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पहिल्या लाभार्थींत डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्रिया होत्या. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची रीत निराळी होती. १९१३ साली त्यांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले, तेव्हा महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपताच लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून आंबेडकरांना १९१७ साली परतावे लागले, आणि तो पुरा करण्यास १९२० साली पुन्हा जावे लागले. देणाऱ्याचे वेळापत्रक आणि शिकणाऱ्याचे वेळापत्रक जुळत नाही, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

आपल्या समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांचे उदाहरण येथे दिल्यावाचून पुढे जाणे शक्य नाही. १८९० साली शिमोग्यास जन्म, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२ मध्ये परवाना, आणि १९१४ मध्ये लंडनला प्रयाण. जाताना हाती टाटा निधीचे कर्ज होते. पुढे हिंदुस्थान सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली, आणि ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. महायुद्धाची सारी वर्षे त्यांनी लंडनच्या रुग्णालयांत काढली आणि १९१९ साली प्रसूतिशास्त्रातील एम. डी. घेऊन त्या परतल्या. १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा हॉस्पिटलची सूत्रे त्यांच्याकडे होती. आपल्यापैकी कितीतरी जणांचा पहिला श्वास त्याच इमारतीतला आहे, हे ज्येष्ठ वाचकांना सांगावयास नको.

आता याच कामा हॉस्पिटलचा धागा डब्लिनला कसा पोचतो ते पाहा. हे हॉस्पिटल चालविण्यास १८८३ साली एडिथ पीची नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. एडिंबरोमध्ये त्यांना व त्यांच्या मैत्रिणींना पदवी नाकारण्यात आली होती. त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे एम. डी. मिळविली; पण ब्रिटिश राज्यात व्यवसायाचा परवाना हवा होता आणि तो द्यायला कोणीही तयार नव्हते. अखेर १८७७ साली डब्लिनच्या फिजिशियन्स कॉलेजाने स्त्रियांना परीक्षेला बसू दिले. पीचीबाई तेथे उत्तीर्ण झाल्या आणि मग मुंबई. सर्जन्सचे कॉलेज, म्हणजे आजच्या बुसैतीनचे मातृकॉलेज, ही त्याच शहरातली दुसरी संस्था. तिनेही १८८५ साली स्त्रियांना दार उघडले. लंडनच्या मानाने गरीब असलेल्या या शहराने परक्यांना परीक्षा देण्याची वाट फार आधी खुली केली होती.

कॉलेजाने स्वतः पुढे होऊन विद्यार्थ्यांची तुकडी न्यावी, ही कल्पना अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठाच्या रेमंड कर्कब्राइड या तरुण प्राध्यापकाने अमलात आणली. १९२३ च्या जुलैत ते आठ विद्यार्थ्यांसह फ्रान्सला निघाले. आधी नान्सी येथे फ्रेंच भाषा पक्की केली, मग पॅरिसला सोर्बोनमध्ये वर्ग, आणि राहणे फ्रेंच कुटुंबांत. परत आल्यावर त्या वर्षाचे गुण घरच्या पदवीत धरले गेले. एवढ्याशा योजनेत आजच्या साऱ्या व्यवस्थेची बीजे दिसतात. निवड कॉलेज करते, सोबत आपला माणूस देते, राहण्याखाण्याची सोय आधी लावते, आणि मुख्य म्हणजे तिकडचा अभ्यास इकडे मोजते. हे शेवटचे सर्वांत कठीण. १९८७ साली युरोपात इरॅस्मस योजना सुरू झाली, तेव्हा ११ देशांतून ३,२४४ विद्यार्थी गेले. पुढे पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला ६० श्रेयांक असे एकच माप युरोपभर रूढ झाले. मापाविना देवाणघेवाण होत नाही, हे बाजारात बसणाऱ्याला कळते. विद्यापीठांना कळायला मात्र वेळ लागला.

वैद्यकात हे माप आणखी अवघड, कारण रोगी लागतात. येथे दोन वाटा निघाल्या. मलेशियातील पेनांग येथे १९९६ साली डब्लिनच्या दोन संस्थांनी मिळून कॉलेज काढले. तेथील विद्यार्थी पहिली अडीच वर्षे आयर्लंडला शिकतात आणि रुग्णालयातील शिक्षण पेनांगला घेतात. बुसैतीनची वाट निराळी. तेथे सारा अभ्यासक्रम बहरैनमध्येच होतो, पण अभ्यासक्रम डब्लिनचा आणि पदवीही आयर्लंडची. पदवीच्या नावात एम. बी., बी. सीएच. यांच्या पुढे बी. ए. ओ. ही अक्षरे येतात. प्रसूतिशास्त्राची ही स्वतंत्र पदवी आयरिश परंपरेची खूण आहे. डॉ. झिराड यांना ती पाहून बरे वाटले असते.

अशा कॉलेजाला दोन धनी असतात. आयर्लंडची वैद्यक परिषद पाहणार, बहरैनचे नियामकही पाहणार. इमारत एकाची असली तरी रुग्णालये देशाची. सलमानिया, लष्करी रुग्णालय आणि किंग हमद येथे विद्यार्थी खाटेशेजारी उभे राहून शिकतात. म्हणजे शिक्षणाचा अर्धा भाग यजमान देशाच्या मर्जीवर. ही गोष्ट कागदावर साधी दिसते. तिची किंमत २०११ साली कळली. त्या फेब्रुवारीत मनामाच्या मोती चौकात निदर्शने झाली, जखमी सलमानिया रुग्णालयात आले, आणि त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका पुढे पकडले गेले. त्यांत आयर्लंडमध्ये शिकलेलेही होते. सप्टेंबरात वीस जणांना पाच ते पंधरा वर्षांच्या शिक्षा झाल्या. अपिलात कित्येक सुटले, काहींच्या शिक्षा कमी झाल्या. डब्लिनमध्ये प्रश्न उठला की, कॉलेज आपल्या माणसांसाठी मोठ्याने का बोलत नाही? कॉलेजाचा मार्ग गाजावाजा न करण्याचा होता, आणि यजमानाच्या घरात राहून यजमानाविरुद्ध बोलता येत नाही ही त्यातली अडचण उघड होती. २०१३ साली वैद्यकीय नीतीवरील एक परिषद बुसैतीनच्या विद्यापीठाने परदेशी डॉक्टरांच्या संस्थेबरोबर ठरविली होती. ती रद्द झाली आणि विद्यापीठाचे अध्यक्ष टॉम कॉलिन्स यांनी राजीनामा दिला. पुढे २०१४ मध्ये आयरिश वैद्यक परिषदेने अभ्यासक्रमाला मान्यता दिली आणि काम चालू राहिले.

आमच्या मते कॉलिन्स यांचा राजीनामा हा त्या संस्थेच्या इतिहासातील लाजेचा नव्हे, तर जमेचा प्रसंग आहे. जे कॉलेज परक्या भूमीवर नीतिशास्त्राचा तास घेते, तेथे निदान एका माणसाने त्या तासाचा अर्थ मनावर घेतला. तरीसुद्धा ज्यांना आपली मुलगी अशा ठिकाणी ठेवायची आहे, त्यांनी हा प्रसंग वाचून ठेवावा. माहितीपत्रकात तो छापलेला नसतो.

माहितीपत्रकात आणखीही काही नसते. परदेशी पदवी घेऊन भारतात व्यवसाय करावयाचा असेल तर २०२१ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने काढलेले नियम लागू होतात. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, माध्यम इंग्रजी हवे, १२ महिन्यांची उमेदवारी त्याच परदेशी संस्थेत व्हायला हवी, आणि परतल्यावर येथे पुन्हा तेवढीच उमेदवारी करून परवाना परीक्षाही द्यावी लागते. शिवाय जेथे शिकलो त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळण्याइतकी ती पदवी पुरी पाहिजे. म्हणून प्रवेशाच्या कचेरीत विचारावयाचा पहिला प्रश्न फीचा नाही. शेवटच्या वर्षानंतरची उमेदवारी कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या सहीने आणि परदेशी विद्यार्थ्याला जागा राखून आहे की नाही, हा तो प्रश्न. उत्तर लेखी घ्यावे.

फीचा प्रश्न अर्थातच उरतो. टाटा निधी आजही कर्जच देतो. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. बाकीच्यांना बँकेचे दार. बुसैतीनला घरभाडे आणि खाणावळ दिनारांत द्यावी लागते. १९६५ पर्यंत तेथे रुपया चालत असे.