रखुमाईचा भाऊ
कळमनुरीतून पंढरीला जाणाऱ्यांना रखुमाई ठाऊक असते. तिचा भाऊ रुक्मी मात्र कुणाला आठवत नाही.

विदर्भराजा भीष्मकाचा हा थोरला मुलगा. बहिणीचं लग्न त्याला शिशुपालाशी लावायचं होतं. ती कृष्णासोबत गेली. कृष्णाला मारल्याशिवाय कुंडिनपुरात परतणार नाही, अशी त्याने शपथ घेतली. हरला, तेव्हा भोजकट वसवून तिथेच राहिला.

भागवत सांगतं, वैर मनात ठेवूनही बहिणीला बरं वाटावं म्हणून त्याने मुलगी तिच्या मुलाला, प्रद्युम्नाला दिली. पुढे नात रोचना अनिरुद्धाला दिली. त्याच लग्नात द्यूताच्या भांडणात बलरामाने त्याला मारलं.

कृष्ण गप्प राहिला. एकीकडे बायको, दुसरीकडे भाऊ.

अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपुरातून, म्हणजे रुक्मिणीच्या माहेराहून, आजही पालखी पंढरपूरला जाते. माहेर टिकलं, भाऊ विसरला गेला.