बाबांचं काही चुकलं नव्हतं

परवा पुण्याच्या घरी माळा आवरताना बाबांचा जुना कॉम्प्युटर सापडला. २००५ साली घेतलेला. निवृत्तीनंतर बाबा त्यावर आपल्या आठवणी टाइप करायचे आणि एप्रिल-मे आला की तो मधेच पटकन बंद पडायचा. दोन-दोन पानं उडायची. "तुम्ही काहीतरी भलतंच दाबलं असेल," असं मी फोनवरून ठणकावून सांगायचो. बाबा गप्प. पुढे त्यांनी लिहिणंच सोडलं.

सहज म्हणून कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गोधडी बसली होती. हीटसिंक काढला तर खालची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. म्हणजे प्रोसेसर तापत होता आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद पडत होता. तेव्हापासून हा कूलर डोक्यातून जात नाहीये.

गंमत म्हणजे एकेकाळी घरगुती कॉम्प्युटरमध्ये ही भानगडच नव्हती. १९८५ चा ३८६ प्रोसेसर उघडाबोडका बसायचा. ४८६ चा वेग वाढत गेला तसा त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा तुकडा आला, मग छोटा पंखा. १९९३ चा पहिला पेंटियम साधारण १५ वॅट उष्णता टाकायचा, तिथपासून पंखा कायमचाच झाला.

कूलरची रचना तशी साधी. सोऱ्यातून शेव पाडावी तसं तापवलेलं ॲल्युमिनियम साच्यातून दाबून काढतात, की उभ्या पात्या तयार. पात्या जितक्या जास्त, तितकी हवेला भिडणारी जागा जास्त. तांबं उष्णता आणखी भराभर वाहून नेतं, पण जड आणि महाग. म्हणून बऱ्याच कूलरमध्ये मधला गाभा तेवढा तांब्याचा. दोन्ही पृष्ठभाग कितीही घासले तरी मधे बारीक खळगे उरतात आणि त्यांतली हवा उष्णता अडवते. ते बुजवायला पेस्ट. ती वाळली की पंखा कितीही फिरो, उपयोग नाही.

मोठ्या कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या दिसतात, त्या भरीव नसतात. आत अगदी थोडं पाणी असतं. तळाशी त्याची वाफ होते, वर पात्यांपाशी ती निवते आणि कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसं ते पाणी आतल्या अस्तरातून परत तळाशी येतं. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी बनवली, ती अंतराळातल्या उपकरणांसाठी! आज ती आपल्या टेबलाखाली आहे.

पण इतकी उष्णता आली कुठून? १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान केला की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतं, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त कोंबले तरी उष्णता वाढत नाही. व्यवहारात व्होल्टेज तितकं उतरलं नाही आणि वेग मात्र हावरटासारखा वाढवला गेला. शेवटी ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, नळ बंद करूनही थेंब थेंब गळावा तशी. २००४ च्या 'प्रेस्कॉट' पेंटियम ४ मधली काही मॉडेलं ११५ वॅटपर्यंत गेली.

त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत मंचावर गुडघे टेकून गमतीत माफी मागितली. पण बदल गमतीचा नव्हता. एकाच गाभ्याला पळवण्याऐवजी दोन गाभे बेताने चालवायचे असं ठरलं. २००६ च्या कोअर २ ड्युओचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ६५ वॅटवर आले. आपल्या हातातल्या फोनमध्येही आज अनेक गाभे असतात, त्यामागे हीच उष्णता आहे.

असो. धूळ झटकली, नवी पेस्ट लावली. कॉम्प्युटर चक्क सुरू झाला. बाहेर जाऊन बाबांना सांगितलं, "तुमचं काही चुकत नव्हतं. नुसती धूळ होती. मीच उगाच बोलत राहिलो."

बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "अरे, मला वाटायचं माझाच हात थरथरतो."