भरतीच्या वेळी रोहित कुठे जातात?

शिवडीला रोहित पाहायला जायचे तर आधी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे लागते. पूर्ण ओहोटीला पक्षी फार लांब, चिखलाच्या टोकाला गुलाबी रेघेसारखे दिसतात. पाणी चढू लागले की ते किनाऱ्याकडे सरकतात. पाहणाऱ्यांना तोच तास सोयीचा. मग पाणी आणखी चढते, चिखल बुडतो आणि थवे उठतात. माणसेही दुर्बिणी पिशवीत घालून घरची वाट धरतात. मीही कित्येक वर्षे याच वेळी परतत आलो. ते थवे जातात कुठे, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. त्याचे उत्तर शोधताना मुंबईतल्या पक्षिसंरक्षणाचा इतिहासच मला निराळा दिसू लागला.

मुळात मुंबई हे शहर भरतीला बाहेर ठेवून घडले. सात बेटांमधल्या सखल भागात समुद्र दिवसातून दोनदा आत येत असे. अठराव्या शतकात महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधले मोठे खिंडार बांध घालून बंद झाले. गव्हर्नर हॉर्नबी याच्या नावाने तो बांध ओळखला गेला. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि पूर्व किनाऱ्यावर भराव पडत गेले. खाजण म्हणजे अजून न भरलेली जमीन, हीच या साऱ्या काळातली नजर होती. त्या चिखलात काही जगते, हे कोळ्यांना ठाऊक होते. शहराच्या हिशेबात मात्र त्याची नोंद नव्हती.

मिठागरे हा मधला प्रकार. बांध घालून भरतीचे पाणी हवे तेवढेच आत घ्यायचे आणि उन्हात आटवायचे. ठाणे खाडीच्या दोन्ही अंगांना, मुलुंड-भांडुपपासून उरणपर्यंत, अशी मिठागरे होती. किनाऱ्यावर चरणाऱ्या पक्ष्यांना भरतीच्या वेळी टेकायला अशीच उथळ, मोकळी, चहूबाजूंनी दूरवर दिसेल अशी जागा लागते. ती कोणी पक्ष्यांसाठी राखली नव्हती. राखली होती मिठासाठी. पक्ष्यांचे आपोआप साधत गेले. पुढे मिठागरे बंद पडू लागली, काहींवर वस्त्या, रस्ते, गोदामे उभी राहिली. मिठाबरोबर पक्ष्यांचीही सोय गेली, पण ती सोय होती हेच लक्षात न आल्यामुळे तिच्या जाण्याची हाकाटीही झाली नाही.

आणि हे त्या शहरात, जिथे पक्ष्यांचा अभ्यास देशात सर्वांत आधी रुजलेल्या ठिकाणांपैकी एक होता! बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली आठ जणांनी स्थापन केली. त्या पिढीची नजर नमुन्यावर होती: पक्षी मारायचा, ओळखायचा, कातडे जतन करायचे. सालिम अलींची सुरुवातही १९०८ साली छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासूनच झाली. पुढे शिकारीचा धोका ओळखला गेला आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. कायद्याने पक्ष्याला बंदुकीपासून वाचवले. पण शहरातला पक्षी बंदुकीने मरत नाही. त्याची जागा जाते.

मुंबईतले रोहित या गोष्टीत तसे उशिरा येतात. शिवडीच्या चिखलावर त्यांचे मोठे थवे दिसू लागले ते १९९० च्या दशकात. हिवाळ्याच्या सुमारास यायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर जायचे, असा त्यांचा साधारण क्रम. त्यात मोठा रोहित आणि लहान रोहित असे दोन्ही असतात. संख्येने अधिक लहान. चोच उलटी करून पाणी गाळायचे आणि त्यातले सूक्ष्म निळे-हिरवे शेवाळ खायचे, हा लहान रोहिताचा आहार. त्याचा गुलाबी रंगही अन्नातूनच येतो. शहराच्या सांडपाण्यातून खाडीत येणारी पोषकद्रव्ये या शेवाळाला पोसतात, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या घाणीला आपण नाक मुरडतो, तिच्यातही या पक्ष्यांच्या जेवणाचा वाटा आहे. म्हणून सांडपाणी सोडावे असे नव्हे. एवढेच की, ही खाडी 'शुद्ध निसर्ग' कधीच नव्हती. माणसाच्या आणि पक्ष्याच्या व्यवहारांची ती सरमिसळ आहे.

रोहित इथे घरटी करत नाहीत. त्यांची वीण होते ती कच्छच्या रणात. तिथल्या अफाट वसाहतीवर सालिम अलींनी १९४० च्या दशकात लिहिले होते. तिला रोहितांचे नगर म्हणूनच ओळखतात. आज नवी मुंबई 'फ्लेमिंगो सिटी' म्हणून मिरवते, तेव्हा हे ध्यानात ठेवावे. त्यांचे नगर तिकडे आहे. आपण त्यांची खानावळ आहोत.

गेल्या वीस वर्षांत या खानावळीला संरक्षण मिळाले, हे निर्विवाद. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड आणि त्यांच्यापासून पन्नास मीटरच्या आतले बांधकाम थांबवले. २०१२ साली राज्याच्या वनखात्यात तिवरांसाठी स्वतंत्र कक्ष आला. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले: सुमारे १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर तिवरे आणि ७९४ हेक्टर पाणी. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात हे घडले, याचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण नकाशा नीट पाहावा. अभयारण्य आहे ते ऐरोली आणि वाशी या पुलांच्या दरम्यान, खाडीच्या पश्चिम अंगाला. ज्या शिवडीने मुंबईकरांना रोहितांची ओळख करून दिली ती त्यात नाही, तिथून २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. आणि भरतीला थवे जिथे उतरतात, ती नवी मुंबईतली नेरूळ-सीवूड्सची तळी, उरणकडची पाणजेसारखी पाणथळे, तीही त्या सीमेत नाहीत.

इथेच सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ओहोटीला रोहित खाडीत चरतात आणि भरतीला या तळ्यांत विसावतात. दर सहा तासांनी पाणी बदलते, तसा त्यांचा पत्ता बदलतो. आपण त्यांच्या जेवणाच्या जागेला अभयारण्य केले. विश्रांतीची जागा मोकळा भूखंड म्हणून कागदोपत्री उरली. त्या भूखंडावर मग गोल्फ मैदान आणि निवासी संकुल आखले गेले. २०१८ साली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. जवळच्याच, एका शाळेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट बुजली, तळे आटले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या परिसरात रोहित मेले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरवर रात्री विमानाची धडक बसून एकोणचाळीस रोहित पडले. त्या धडकेचा या तळ्यांशी संबंध जोडण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही, मी तो जोडतही नाही. पण हे पक्षी रात्रीही आपल्या डोक्यावरून ये-जा करतात, हे त्या दिवशी पुष्कळांना पहिल्यांदा कळले.

नागरिकांनी पाठपुरावा केला आणि २०२५ मध्ये डीपीएस तलावाला संवर्धन राखीव करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. तळे साधारण तीस एकरांचे. १,६९० हेक्टरांपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण माझ्या मते त्याचे महत्त्व मोठे आहे. खाडीच्या पक्ष्याला खाडीबाहेरही जागा लागते, हे त्यातून सरकारदरबारी मान्य झाले. जुन्या मिठागरांनी जे नकळत केले, ते आता कळून-सवरून करायचे आहे. आणि तळे नुसते राखीव म्हणवून भागणार नाही. त्यात भरतीचे पाणी शिरायला हवे. तिवरांबद्दलही हेच. तिवरे वाचवलीच पाहिजेत, पण तळ्याच्या उघड्या पाण्यात ती दाटीने वाढली तर रोहितांना उतरायला जागा राहत नाही. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी लक्ष ठेवून निगा राखण्याचे हे काम आहे. एका अधिसूचनेने संपणारे नाही.

वाचकांपैकी कुणी या हिवाळ्यात रोहित पाहायला जाणार असेल, तर एक सुचवतो. शिवडीची वेळ कोष्टकात पाहाल, तेव्हा त्याच दिवशीची पूर्ण भरतीची वेळही टिपून ठेवा. त्या वेळी सीवूड्सच्या तळ्यावर जा. पक्षी मोजण्याआधी काठाने फिरून पाणी कुठून आत येते ते शोधा, आणि ते खरोखर येते आहे का, तेवढे पाहा.