औरंगाबाद, कैरो आणि मोइन शाकीर

अरबीचे नाव काढले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे वाळवंट आणि तेलाच्या विहिरी येतात. वस्तुतः ही भाषा आपल्या जिल्ह्यात रोज वाचली जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुव्याला, मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी ह्यांनी उभारलेल्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ह्या संस्थेत हजारो मुले शिकतात. तेथील अरबीचे अध्ययन धर्मग्रंथांसाठी चालते. अरबांच्या राजकारणाचा आणि धर्माच्या नावाने होणाऱ्या राजकारणाचा शास्त्र म्हणून अभ्यास करणे हे काम निराळे. महाराष्ट्रात ते पत्करणारे थोडे. त्यांत मोइन शाकीर ह्यांचे नाव आम्ही आधी घेऊ.

शाकीर औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवीत. 'खिलाफत टू पार्टिशन' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९७० साली निघाला. १९१९ ते १९४७ ह्या काळातील भारतीय मुसलमानांच्या राजकीय विचारप्रवाहांचा त्यात धांडोळा आहे. 'प्रवाह' हे अनेकवचन येथे महत्त्वाचे. आझाद, इक्बाल आणि जीना ह्यांना एकाच माळेत ओवण्याची सोय हा अभ्यासक आपणांस देत नाही.

खिलाफतीचाच प्रश्न घ्या. नोव्हेंबर १९१९ मध्ये दिल्लीस खिलाफत परिषद भरली. गांधीजींनीही तिचे अध्यक्षपद भूषविले. तुर्कस्तानचा सुलतान हा मुसलमानांचा खलिफा, त्याची सत्ता अबाधित राहावी, ही मागणी. म्हणजे अरबस्तानही त्याच्याच छत्राखाली राहावे, हे ओघाने आलेच! परंतु मक्केचा शरीफ हुसेन १९१६ च्या जूनमध्येच, इंग्रजांच्या पाठबळावर, त्याच सुलतानाविरुद्ध उठला होता. आपल्याकडे वर्गण्या जमत होत्या, मिरवणुका निघत होत्या. अरबांना काय हवे हे विचारण्याची कोणास फारशी गरज वाटली नाही. अखेर ३ मार्च १९२४ रोजी खुद्द तुर्कांनीच खिलाफत मोडीत काढली. चळवळीतील त्याग खोटा नव्हता, पण तिचे मूळ शोधायचे तर मक्केत नव्हे, इंग्रजी अमलाखालच्या हिंदुस्थानातच शोधावे लागते.

विचारांचा प्रवास उलट दिशेनेही झाला, आणि ती हकिगत आम्हांस अधिक विलक्षण वाटते. नंदुरबारहून धुळे, चाळीसगाव करीत कन्नडचा घाट चढून गेले की जे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) लागते, तेथे २५ सप्टेंबर १९०३ रोजी एका वकिलाच्या घरी अबुल आला मौदूदी जन्मले. कासिम अमीन ह्या इजिप्ती सुधारकाचे स्त्रियांच्या प्रश्नावरील पुस्तक त्यांनी पोरवयात अरबीतून उर्दूत आणले, असे चरित्रकार सांगतात. पुढे ह्याच गृहस्थांनी पडद्याच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहावा, ह्याला काय म्हणावे? १९४१ साली त्यांनी लाहोरास जमाते इस्लामी स्थापन केली. सार्वभौमत्व केवळ ईश्वराचे, लोकांना कायदा करण्याचा अंतिम अधिकार नाही, हा त्यांचा सिद्धान्त. त्यांचे उर्दू लेखन अरबीत गेले, ते इजिप्तमध्ये सय्यद कुत्ब ह्यांनी वाचले आणि त्यास अधिक जहाल वळण दिले. नासरच्या राजवटीने कुत्ब ह्यांना २९ ऑगस्ट १९६६ रोजी फाशी दिले. त्यांची पुस्तके मात्र कित्येक जहाल गटांच्या हाती पडली.

कैरोत वा बगदादेत काही भडकले की आपल्याच गल्लीतील शेजाऱ्याकडे, जणू ते तेथूनच आले असावेत अशा, संशयाने पाहण्याची एक वाईट खोड आपणांस जडली आहे. कुत्बच्या विचाराचा एक धागा दख्खनमधून तिकडे गेला, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानातही नसते. आणि अक्कलकुव्यात व्याकरण घोकणाऱ्या पोराचा तर ह्या सर्वांशी काडीचाही संबंध नसतो.

मौदूदी जन्मले त्याच गावी शाकीर राज्यशास्त्राचे वर्ग घेत राहिले. १९८३ साली त्यांचा 'इस्लाम इन इंडियन पॉलिटिक्स' हा ग्रंथ आला. नाव मुद्दाम पाहावे: क्षेत्र राजकारणाचे, तेही भारतीय, धर्म त्यात उतरलेला एक घटक.