थकलेला पगार आणि घेणेकऱ्यांची रांग : पोर्टस्मथ क्लबची कहाणी

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळणाऱ्या पोर्टस्मथ या फुटबॉल क्लबला १ ऑक्टोबर २००९ रोजी एक अप्रिय कबुली द्यावी लागली. खेळाडूंचे आणि काही वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार ठरल्या दिवशी जमा झाले नव्हते. मोसमातले पहिले सातही सामने हरलेला हा संघ दोनच दिवसांनी वुल्व्हरहॅम्प्टनच्या मैदानावर उतरला आणि पहिला विजय मिळवून परतला. काही दिवसांत पगारही झाले. हे प्रकरण तिथेच संपते, तर आज कोणाला आठवलेही नसते. पण डिसेंबरमध्ये पगार पुन्हा रखडले, जानेवारीत पुन्हा आणि फेब्रुवारीतही. त्या महिन्याच्या अखेरीस पोर्टस्मथने प्रशासकाच्या हवाली होणारा प्रीमियर लीगमधील पहिला क्लब म्हणून इतिहासात नोंद केली.

जगातील सर्वांत श्रीमंत फुटबॉल लीगमध्ये पगार थकतो कसा, हा प्रश्न आपल्याकडे रात्री जागून हे सामने पाहणाऱ्या प्रेक्षकालाही तेव्हा पडला होता. त्याचे उत्तर क्लबच्या वैभवाच्या काळातच सापडते.

पोर्टस्मथ हे दक्षिण इंग्लंडमधील नौदलाचे जुने बंदर. इथला क्लब १८९८ मध्ये स्थापन झाला. १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ दोन वर्षे तो इंग्लंडचा विजेता होता. पुढे अनेक दशके त्याने खालच्या श्रेणींत काढली. २००६ मध्ये अलेक्झांडर गायडामक या धनाढ्य मालकाच्या हाती क्लब आला आणि एकाएकी पैशाचा ओघ सुरू झाला. हॅरी रेडनॅप यांच्या मार्गदर्शनाखाली डेफो, क्राउच, मुंतारी, ग्लेन जॉन्सन, लसाना दियारा असे नामवंत खेळाडू आले. १७ मे २००८ रोजी वेम्बलीवर कानूच्या एकमेव गोलने कार्डिफ सिटीला हरवून पोर्टस्मथने एफ.ए. करंडक जिंकला. त्यानंतरच्या हिवाळ्यात ए.सी. मिलानसारखा संघ फ्रॅटन पार्कवर खेळायला आला आणि २-२ अशा बरोबरीवर परतला.

मात्र त्या फ्रॅटन पार्कमध्ये जेमतेम वीस हजार प्रेक्षक मावत. क्लबचे वार्षिक उत्पन्न सुमारे सात कोटी पौंड आणि त्यातले सुमारे साडेपाच कोटी निव्वळ पगारांवर जात. खेळाडूंच्या खरेदीचे हप्ते, एजंटांची दलाली, कर आणि व्याज हे सारे उरलेल्यात भागवायचे. ते भागणे शक्यच नव्हते. तूट मालक भरत होता आणि बँका उसने देत होत्या. म्हणजे करंडक जिंकणारा संघ क्लबच्या मिळकतीवर उभा नव्हता. तो एका माणसाच्या मर्जीवर आणि ऐपतीवर उभा होता. २००८ च्या शरद ऋतूत जागतिक आर्थिक संकट आले, मालकाचा हात आखडला आणि बँका पैसे परत मागू लागल्या. जानेवारी २००९ मध्ये दियारा रेआल माद्रिदला गेला, डेफो टॉटनहॅमला. त्या उन्हाळ्यात जॉन्सन आणि क्राउचही गेले. घरातली भांडी विकून महिना काढावा, तसा हा प्रकार होता.

फुटबॉल क्लबच्या तिजोरीची एक चमत्कारिक रीत इथे समजून घ्यायला हवी. पैसा येतो तो ठोक स्वरूपात: टीव्हीचे हप्ते वर्षातून मोजक्या वेळा, मोसमी तिकिटांचे पैसे उन्हाळ्यात. पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. मधली पोकळी भरण्यासाठी अनेक क्लब येऊ घातलेल्या टीव्हीच्या पैशांवर आधीच कर्ज काढतात. हे चक्र कुठे अडले की सर्वप्रथम ज्याचे देणे थांबवले जाते तो पगारदार नसतो. तो असतो सरकारी करखाता. ब्रिटनमध्येही पगारातून कर कापून तो सरकारजमा करणे ही मालकाची जबाबदारी आहे. अडचणीतला क्लब हा कर कापतो, पण भरत नाही. कामगाराच्या वेतनातून कापलेला भविष्यनिर्वाह निधी मालकाने भरलाच नाही, ही तक्रार आपल्याकडे नवी नाही, जातकुळी तीच. करखाते अशा रीतीने क्लबचे बिनसंमतीचे सावकार बनते. पगार थकल्याची बातमी बाहेर येते, तोवर त्यामागची बहुतेक दारे आधीच बंद झालेली असतात.

पोर्टस्मथच्या बाबतीत हेच घडले. ऑगस्ट २००९ मध्ये गायडामक यांनी क्लब दुबईचे सुलेमान अल फहीम यांना विकला. सहा आठवडे होतात न होतात तोच, पहिला पगार रखडल्याच्या त्या आठवड्यात, बहुतांश मालकी अली अल फराज यांच्याकडे गेली. या नव्या मालकाचे दर्शन पोर्टस्मथकरांना कधीच घडले नाही. कारभार चालवण्यासाठी हाँगकाँगस्थित व्यावसायिक बलराम चैनराय यांच्याकडून सुमारे एक कोटी ७० लाख पौंडांचे कर्ज घेतले गेले. ते फिटेना, तेव्हा फेब्रुवारी २०१० मध्ये चैनराय यांनी क्लबच ताब्यात घेतला. एका मोसमात चार मालक! दरम्यान लीगने नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घातली होती आणि इतर क्लबांची देणी भागवण्यासाठी पोर्टस्मथचा टीव्हीचा हप्ता परस्पर वळता केला होता. बिल थकल्याने क्लबचे संकेतस्थळही त्या हिवाळ्यात काही काळ बंद पडले. नाताळाच्या तोंडावर करखात्याने क्लब गुंडाळण्यासाठी न्यायालयात अर्ज केला. खरेदी-विक्रीच्या ठरलेल्या मुदतीबाहेर खेळाडू विकू द्यावेत, ही क्लबची विनंती लीगने फेटाळली. अखेर २६ फेब्रुवारीला प्रशासक नेमला गेला आणि शिक्षा म्हणून संघाचे नऊ गुण कापले गेले.

प्रशासकाने आल्याबरोबर जे केले, ते पाहण्यासारखे आहे. क्लबच्या सुमारे ३२० कर्मचाऱ्यांपैकी ८५ जणांना मार्चमध्ये घरी पाठवण्यात आले. खेळाडूंचे करार मात्र शाबूत राहिले. हा अन्याय वाटेल, आणि तो आहेही. पण त्यामागे एक व्यवस्था आहे आणि या साऱ्या कहाणीचे मर्म त्या व्यवस्थेत आहे.

कोणतीही कंपनी बुडाली की घेणेकऱ्यांची रांग लागते. गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकराला ही रांग ठाऊक आहे: आधी तारण असलेल्या बँका, मग इतर, आणि हाती काही उरलेच तर बाकीचे. ब्रिटनच्या कायद्यात कर्मचाऱ्यांच्या थकीत पगाराला अग्रक्रम आहे, पण तो माणशी ८०० पौंडांपर्यंतच. त्यावरच्या रकमेसाठी तो कर्मचारी वाणसामान पुरवणाऱ्याच्या शेजारी उभा राहतो. फुटबॉलमध्ये मात्र लीगने आपला स्वतंत्र नियम केला आहे. खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी ही 'फुटबॉलची देणी' होत आणि ती पूर्णपणे चुकती केल्याशिवाय क्लबला लीगमधली जागा परत मिळत नाही. हा देशाचा कायदा नव्हे. ती सभासदत्वाची अट आहे. पण जागाच नसेल तर क्लब विकत कोण घेणार? साहजिकच प्रत्येक खरेदीदार ही अट मान्य करतो आणि खेळाडू रांगेच्या अग्रभागी जाऊन उभे राहतात.

नियमामागचा हेतू वाईट नाही. एका क्लबने दुसऱ्याला पैसे बुडवून खेळाडू मिळवायचा आणि त्याच्याच जोरावर त्याला हरवायचे, असे झाले तर स्पर्धेला अर्थ उरत नाही. पण या नियमाची किंमत स्पर्धेबाहेरचे लोक मोजतात. पोर्टस्मथची एकूण देणी सुमारे १२ कोटी पौंडांच्या घरात निघाली. त्या यादीत सामन्यांच्या वेळी प्रथमोपचार करणाऱ्या सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या सेवाभावी संस्थेचे सुमारे २,७०० पौंड होते. एखाद्या आघाडीच्या खेळाडूची ती काही तासांची कमाई असेल. खेळाडूंना पौंडामागे पूर्ण पौंड मिळणार होता. या संस्थेला आणि बाकीच्या साध्या घेणेकऱ्यांना जून २०१० च्या समझोत्यानुसार पौंडामागे वीस पेन्स, तेही हप्त्याहप्त्याने. करखाते याच रांगेत मागे होते. एके काळी सरकारी कराला अग्रक्रम असे. तो २००३ मध्ये काढून टाकण्यात आला होता. समझोत्याला रकमेच्या हिशेबाने तीन चतुर्थांश घेणेकऱ्यांची संमती लागते. आपला दावा कमी धरल्यामुळे तो रोखण्याइतकी मते आपल्याकडे उरली नाहीत, असा करखात्याचा आक्षेप होता. न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो फेटाळला. फुटबॉलच्या त्या विशेष नियमालाच करखात्याने पुढे आव्हान दिले; मे २०१२ मध्ये तेही टिकले नाही.

मैदानावर मात्र त्या वसंतात एक विलक्षण नाट्य रंगले. १० एप्रिल २०१० रोजी प्रीमियर लीगमधून हकालपट्टी निश्चित झाली आणि दुसऱ्याच दिवशी एफ.ए. करंडकाच्या उपांत्य सामन्यात याच संघाने टॉटनहॅमला २-० असे नमवले. टॉटनहॅमच्या चमूत डेफो आणि क्राउच होते. प्रशिक्षक होते रेडनॅप! १५ मे रोजी अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध केव्हिन-प्रिन्स बोआटेंगची पेनल्टी पीटर चेकने अडवली, थोड्याच वेळात द्रोग्बाने गोल केला आणि करंडक हुकला. या अंतिम सामन्यामुळे एरवी युरोपची दारे उघडली असती. आर्थिक परवान्याअभावी तीही बंदच राहिली.

यानंतर शहाणपण आले असेल, अशी अपेक्षा चूक ठरली. २०११ मध्ये रशियन बँकर व्लादिमिर अँटोनोव यांच्या कंपनीने क्लब घेतला. त्याच वर्षाअखेर ती कंपनी कोसळली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये पोर्टस्मथ दुसऱ्यांदा प्रशासकाकडे गेला. दहा गुण कापले गेले, आणखी एक श्रेणी घसरली. त्या उन्हाळ्यात नवे प्रशासक ट्रेव्हर बर्च यांनी सांगितले की, मोठ्या पगाराचे खेळाडू राहिले तर क्लब राहणार नाही. ऑगस्टपर्यंत एकेक वरिष्ठ खेळाडू आपल्या हक्काच्या रकमेवर तडजोड करून बाहेर पडला. रांगेत अग्रभागी असणाऱ्यांनाही पाऊल मागे घ्यावे लागले. महिनाभराच्या करारावर घाईघाईने गोळा केलेल्या मुलांनिशी मोसम सुरू झाला आणि तो संपताना संघ चौथ्या श्रेणीत पोहोचला होता.

क्लब अखेर वाचवला तो प्रेक्षकांनी. 'पॉम्पी सपोर्टर्स ट्रस्ट' या चाहत्यांच्या संस्थेने हजार पौंडांचा एक अशा समभागांतून पैसा उभा केला, नगर परिषदेनेही कर्ज दिले, आणि एप्रिल २०१३ मध्ये न्यायालयातील तडजोडीनंतर क्लब व फ्रॅटन पार्क त्यांच्या ताब्यात आले. हजार पौंड ही गोदीतल्या कामगाराला किरकोळ रक्कम नव्हे. अनेकांनी मित्रमंडळी जमवून एकेक समभाग घेतला. झगमगाट नव्हता, पण पगार त्या-त्या दिवशी होत होते. सप्टेंबर २०१४ मध्ये क्लबने आपण कर्जमुक्त झाल्याचे जाहीर केले. २०१७ मध्ये संघ चौथ्या श्रेणीचा विजेता ठरला आणि त्याच वर्षी चाहत्यांनी बहुमताने क्लब डिस्नेचे माजी प्रमुख मायकल आयस्नर यांच्या कंपनीला सुमारे ५७ लाख पौंडांना विकला. २०२४ मध्ये तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून पोर्टस्मथ दुसऱ्या श्रेणीत परतला.

सर्वांचे नशीब असे नसते. १८९४ पासून लीगमध्ये असलेल्या बरी या क्लबचे पगार असेच रखडत गेले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याची लीगमधून हकालपट्टी झाली. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या शेफील्ड वेन्सडेमध्ये मार्च, मे आणि जून २०२५ मध्ये पगार उशिरा झाले, २४ ऑक्टोबरला प्रशासक आला आणि बारा गुण गेले. थकलेल्या देण्यांपायी डिसेंबरमध्ये आणखी सहा गेले. क्रम तोच, अंतरेही जवळपास तीच.

रांगेत मात्र थोडा फरक पडला आहे. १ डिसेंबर २०२० पासून ब्रिटनमध्ये कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेल्या कराला पुन्हा अग्रक्रम मिळाला असून करखाते साध्या घेणेकऱ्यांच्या पुढे सरकले आहे. त्यांच्या वाट्याला त्यामुळे आणखी कमीच उरते. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्यात आला. इंग्लंडच्या वरच्या पाच श्रेणींतील क्लबांना त्याचा परवाना घ्यावा लागेल आणि मालकाचा पैसा कुठून येतो, याची चौकशी तो क्लब हाती देण्यापूर्वीच होईल. प्रथमोपचार करणाऱ्या संस्थेची रांगेतली जागा मात्र आहे तिथेच आहे.